समोर पाहणाऱ्या महालक्ष्म्या

नूतननं पडदा बाजूला केला अन् तिच्या हातातलं शेवंतीचं ताट अधांतरीच राहिलं, ना पुढं जाय, ना खाली टेके. मागून मृणाल ओले हात पदराले पुसत आली. तिले वाटलं, भावजय आरास पाहून गार झाली. व्हायलाच पाहिजे होती! यंदा ज्येष्ठेले मोरपंखी अन् कनिष्ठेले डाळिंबी लुगडं होतं, निऱ्या अशा चापूनचोपून बसल्या होत्या की बोट लावलं तर टोचतील, अन् वरून फुलोऱ्याच्या करंज्या पंख्याच्या हवेत हळूहळू डोलत होत्या.

"मंग? कशा दिसून राहिल्या?"

"ताई," नूतन म्हणाली, "यांची तोंडं समोर आहेत."

"मंग मागं राहतीन का?" मृणाल हसली, अन् हसता हसताच तिचं हसू विरून गेलं.

आता कोणी म्हणन, देवीचं तोंड समोर असलं तर बिघडलं काय? भिलाईत ज्या ज्या मराठी घरी महालक्ष्म्या बसतात, त्या समोरच पाहतात, उंबरठ्याकडं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं. पण आर्वीकरांकडं तसं नाही. आर्वीकरांच्या दोघी बहिणी एकमेकींकडं मान वळवून बसतात, माहेरी आलेल्या दोघी कधीच्या साठलेल्या गोष्टी बोलून राहिल्यात अशा. सेक्टर दहामध्ये हे सगळ्यांले ठाऊक. हळदीकुंकवाले आलेल्या बायकांले नूतनच दरवर्षी कौतुकानं सांगायची, "आमच्या घराण्याची रीतच आहे ही, दुसरीकडं पाहायले नाई मिळणार." अन् आज त्या दोघी सरळ दाराकडं पाहून राहिल्या होत्या.

वळवायची सोय नव्हती. काल संध्याकाळी आवाहन झालं होतं. एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत मुखवट्याले बोट लावायचं नाही, हे तर लहान पोट्टीले पण माहीत.

"तुमीच मांडल्या ना काल?"

"हाव. मीच. बाबा समई धरून उभे होते." मृणाल काल आठवायले लागली. कोठ्या ठेवल्या, धान्य भरलं, लुगडी नेसवली, मुखवटे उचलले, ठेवले. कसे ठेवले? काहीच आठवेना. हातांनी आपोआप केलं होतं. डोकं तिथं नव्हतंच.

"जाऊ द्या ताई," नूतन म्हणाली. "होते असं कधी कधी."

अन् हा आवाज मृणालच्या ओळखीचा होता. मऊ, सावकाश, लेकराले कडू औषध पाजताना काढतात तसा. आईच्या शेवटच्या सगळ्या वर्षांत ती स्वतः याच आवाजात आईशी बोलली होती.

आई म्हणजे कमलिनी. पन्नाशीच्या आसपासच विसरायले लागली होती. आधी गॅस, मग रस्ता, मग स्वतःच्या लेकरांची नावं. तिची आई पण तशीच गेली होती, पण तेव्हा लोक म्हणायचे म्हातारपण. मग नागपूरचा मामा त्याच वाटेनं निघाला, तेव्हा मामाच्या पोरानं डॉक्टर गाठला, रक्त तपासायले पाठवलं, अन् कळलं की हे अल्झायमर या घरात रक्तातूनच उतरून राहिलं. डॉक्टर साध्या भाषेत बोलला होता, "ज्याले हे आहे, त्याच्या प्रत्येक लेकराले आठ आणे चान्स." म्हणजे मृणालले आठ आणे अन् तिच्या धाकट्या भावाले, कौस्तुभले, आठ आणे. दोघांनीही तपासणी केली नव्हती. अन् आई ज्या वयात विसरायले लागली, त्या वयाशी मृणाल आता येऊन ठेपली होती.

तशी मृणाल काय साधीसुधी बाई नव्हती! भिलाई स्टील प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सगळी नोकरी गेली, सुरुवातीची वर्षं दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खदानीत, मग भिलाईत. मोबाइल आले, जुने बोर्ड भंगारात गेले, पण अख्ख्या प्लांटचे एक्स्टेन्शन नंबर तिच्या डोक्यात तसेच लागलेले. सेक्टर दहाचं क्वार्टर तिच्या नावावर, रिटायर झालेले बाबा तिच्याजवळ. लग्न कावून नाही केलं असं विचारणाऱ्याले ती चहा पाजून परत पाठवायची. मामाची बातमी आल्यापासून मात्र रोज सकाळी वेणी घालताना ती स्वतःची परीक्षा घ्यायची. ब्लास्ट फर्नेसचा नंबर, कोक ओव्हनचा, फायर ब्रिगेडचा. एक दिवस रेल मिलचा नंबरच आला नाही. रेल मिल! जिथं बाबांनी जन्म काढला ती रेल मिल! त्या दिवशी तिनं वेणीच सोडून दिली, केसांची गाठ मारून ड्युटीवर गेली.

दुसऱ्याचा चष्मा कपाळावर राहिला की घर हसायचं. मृणालचा राहिला की घर चूप व्हायचं.

तर अशा घरात महालक्ष्म्यांचं जेवण होतं, अन् महालक्ष्म्या समोर पाहून राहिल्या होत्या.

*

कौस्तुभ नेहरू नगरच्या त्याच्या घरून केळीची पानं घेऊन आला, सोबत त्याची कॉलेजातली लेक गीतांजली. नूतननं नवऱ्याले मागच्या अंगणात जांबाच्या झाडाखाली ओढलं. तिले वाटलं तिथं कोणी ऐकत नाही. पण क्वार्टरच्या स्वयंपाकघराची जाळी त्याच झाडावर उघडते, अन् जाळीशी मृणाल आंबील ढवळत होती.

"खरं सांग नूतन. विसरली?"

"खोटं कावून सांगू? जाऊन पाहा ना. लग्न होऊन आली तं आईंनी माहा हात धरून शिकवलं होतं, मान किती वळवायची ते. इतकी मोठी रीत, अन् ताई..."

"मी म्हणत होतो ना, यंदाच नेहरू नगरले मांडू. आज बोलूनच टाकतो. बाबा आहेत, सिंधुआत्या येऊन राहिली. टेस्टचंही बोलतो."

"आज नका हो. जेवू द्या तिले."

"पापा, प्लीज," गीतांजली मध्ये पडली. "आत्या के सामने टेस्ट-वेस्ट मत बोलो यार. त्योहार है."

"तू चूप बस. तुले काय समजते?"

"मुझे सब समझता है. तेच तर टेन्शन आहे."

मृणालनं आंबिलीचा भरला गंज गॅसवरून खाली उतरवला. थेंब सांडला नाही. पण गॅस बंद केला का, म्हणून तिनं वाकून पाहिलं. केला होता. दोन पावलं गेली अन् परत येऊन पुन्हा पाहिलं.

बाहेरच्या खोलीत बाबा दिवाणावर बसून होते, अरुणकुमार आर्वीकर, रेल मिलचे जुने फोरमन. सकाळपासून हललेच नव्हते. पेपर तसाच घडी घातलेला, चहावर साय आलेली. एकटक देव्यांकडं पाहून राहिले होते. मृणालले वाटलं, बाबांलेही समजलं. अन् बोलून नाही राहिले, मले वाईट वाटन म्हणून.

तेवढ्यात दुर्गवरून सिंधुआत्याची रिक्षा आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, रेल्वेवाल्या घरची, आवाज असा की प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाचा माणूस मागं वळून पाहीन. "अवो, कोणी आहे का घरी, का सगळ्यांले देवीनं नेलं?" म्हणत ती आत आली, चपला काढता काढता तिची नजर पडद्याआड गेली, अन् एक चप्पल पायातच राहिली.

"माय माय!"

तिनं तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले. भावाकडं पाहिलं. भावानं पंख्याकडं पाहिलं. अन् सिंधुआत्या, जी शांत बसलेली कोणी आजवर पाहिली नव्हती, चुपचाप देव्यांपुढं जाऊन बसली.

संपलं, मृणालले वाटलं. आत्यालेही दया आली.

*

जेवणं झाली. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, वडे, सगळं निगुतीनं झालं होतं. कशात मीठ कमी नाही, कशात जास्त नाही. नैवेद्याचं चाखायचं नाही, म्हणून मृणालनं आज प्रत्येक गोष्टीत मीठ दोन-दोनदा मोजून टाकलं होतं. पानं उचलली, सगळे बाहेरच्या खोलीत टेकले, कौस्तुभ अडकित्ता घेऊन सुपारी कातरायले बसला, अन् सुपारीकडंच पाहत म्हणाला:

"बाबा, एक बोलायचं होतं."

"बोल."

"पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या नेहरू नगरले नेऊ. घर मोठं आहे, नूतन आहे. ड्युटी करून ताईले हे सगळं झेपत नाई."

"झेपत नाई असं कोणाले दिसलं?" सिंधुआत्या म्हणाली. "मी तं आताच पाच पुरणपोळ्या खाल्ल्या."

"आत्या, पुरणपोळीचा विषय नाई. तू देव्या पाहिल्या ना?"

"पाहिल्या."

"मंग?"

"मंग काय? छान दिसून राहिल्या."

"छान दिसायचा पण विषय नाई!" कौस्तुभचा आवाज चढला, मग त्यानं तो खाली आणला. "ताई, रागावू नको. पण टेस्ट करून घे. एकदा कळलं की आपल्याले काय करायचं ते ठरवता येईन."

"आपल्याले?" मृणाल म्हणाली. "रक्त माह्या एकटीचं अन् ठरवणारे सगळे? तुह्या आठ आण्याचं काय रे?"

अडकित्ता थांबला. गीतांजलीनं बापाकडं पाहिलं अन् पटकन नजर फिरवली.

"ताई, यांचं सोडा," नूतन म्हणाली, अन् तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "मले घराण्याचा हव्यास नाई. मले भ्या वाटते. आज मान वळवायची राहिली. उद्या समई लावून तुमी ड्युटीवर गेल्या तं? आत बाबा झोपलेले राहतीन."

हे मात्र आरपार गेलं. कारण मृणाललेही तेच भ्या होतं. रात्रंदिवस तेच. तिनं समोरच्या दोघींकडं पाहिलं. मोरपंखी अन् डाळिंबी. तिले वाटलं, कोणी हातातून काढून नेण्यापेक्षा आपण हातानं दिलेलं बरं. तेवढा मान तर राहते.

"घेऊन जा," ती म्हणाली. "उद्या विसर्जन झालं की मुखवटे पुसून डब्यात भरून देते. तूच मांड नूतन. तुले बरोबर येते."

कौस्तुभले हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याचा चेहरा असा झाला होता की जसा त्याचाच डाव त्याच्यावर उलटला.

"दादा," सिंधुआत्या भावाले म्हणाली, "तू सांगतो का मी सांगू?"

"तू चूप राह्य."

"आजवर चूपच राहिली ना! तुह्या शपथेपायी तोंड शिवून बसली. पण आता पोरीवर आळ येऊन राहिला, अन् तू पंखा पाहून राहिला? पंख्यात काय आहे?"

बाबांनी चष्मा काढला. काचा धोतराच्या टोकानं पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. मृणालनं बापाले असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मृणाल चुकली नाई," ते म्हणाले.

"बाबा, तिची बाजू घ्यायची म्हणून तुमी..." कौस्तुभ बोलायले लागला.

"कौस्तुभ! मी रेल मिलमध्ये वाकडा रूळ सरळ म्हणून कधी पुढं जाऊ नाई दिला. चुकली नाई म्हणतो तं चुकली नाई. आर्वीकरांच्या महालक्ष्म्या समोरच पाहतात. माह्या आईच्या समोर पाहायच्या, तिच्या सासूच्या समोर पाहायच्या. अशाच. जशा या आता बसल्या आहेत."

"फिर मुडी कब?" गीतांजलीच्या तोंडून निघून गेलं. "मतलब, वळल्या कधी, आजोबा?"

बाबा पुन्हा चष्मा पुसायले लागले. बोलायचं होतं, अन् बोलवत नव्हतं, हे मृणालले दिसत होतं. बापाच्या एका हाताले लेक होती अन् दुसऱ्या हाताले गेलेली बायको, अन् एकीले सोडवायचं म्हणजे दुसरीचं झाकलेलं उघडायचं.

"तुह्या आजीनं वळवल्या," शेवटी ते म्हणाले. "विसरली होती ती. कशा ठेवायच्या तेच विसरली. तेव्हा आमाले काय माहीत होतं? हा आजार आहे हे कोणाच्या मनातही नव्हतं."

"अन् मी भैताड!" सिंधुआत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "दारातूनच ओरडली, वहिनी, हे काय करून ठेवलं! घर भरलेलं. गावाकडून, आर्वीवरून शेषरावकाका आलेले, शेजारणी बसलेल्या. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. वहिनीनं माह्याकडं पाहिलं, देव्यांकडं पाहिलं, अन् तिले समजेचना का चुकलं काय. मंग दादाले म्हणते कशी, अवो, कशा असतात हो? अशी लहान पोरीसारखी म्हणाली. मले अजून ऐकू येते ते."

"तशीच उभी होती ती, माह्याकडं पाहत," बाबा म्हणाले. "इतकी हुशार बाई. या कॉलनीत कोणाच्या घरी काय कार्य असलं की आधी तिले विचारून जायचे. अन् ती सगळ्यांच्या समोर मले विचारते, कशा असतात. मले नाई पाहवलं. मी मोठ्यानं बोललो, मीच सांगितलं तिले अशा मांडायले. आर्वीकरांची मूळ रीत हीच. मधल्या पिढीत मोडली होती, आता पुन्हा चालू केली."

"खोटं बोलले तुमी?" कौस्तुभ म्हणाला. "मी तं लहानपणी पुरणपोळीच पाहायचो, देव्या कुठी पाहतात ते कधी पाहिलंच नाई!"

"सपशेल."

"अन् शेषरावकाका काई बोलले नाई? ते तं घराण्यातले मोठे!"

"काका?" बाबांच्या मिशीत आता हसू आलं. "काकानं कमलिनीकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं, मिशीवरून हात फिरवला अन् भरल्या घरात सांगितलं, हाव, हीच मूळ रीत, माह्या आज्यानं मले सांगितली होती. अन् तेवढ्यावर थांबला नाई तो माणूस. पुढच्या वर्षी आर्वीच्या घरच्याही वळवल्या! उद्या कोणी म्हणू नये का आर्वीले एक अन् भिलाईले दुसरं."

"म्हणजे..." गीतांजलीचे डोळे मोठे झाले. "वो आर्वीवाले रूपेशभैया ने फॅमिली ग्रुप पे डाला था ना, भोसल्यांच्या काळापासूनची आपली परंपरा म्हणून! मी पण स्टेटसला ठेवली होती!"

"भोसल्यांच्या नाई," सिंधुआत्या म्हणाली, "तुह्या आजीच्या काळापासूनची."

अन् मग काय झालं कोणाले समजलं नाही. आधी आत्या फुटली, मग गीतांजली, मग नूतन पदर तोंडात धरून. हसता हसता रडायले लागले सगळे. अख्खं खानदान, आर्वीपासून भिलाईपर्यंत, एका बाईचं विसरणं डोक्यावर घेऊन नाचत होतं, अन् तिले शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं की ती चुकली.

मृणाल तेवढी हसली नाही. ती मनानं राजहऱ्याले पोहोचली होती. तेव्हा तिथं नोकरीले होती, अन् जेवणाच्या दिवशी बस पकडून घरी पोहोचायची ती सगळं मांडून झाल्यावर, उशिरा.

"बाबा, मी तुमाले विचारलं होतं. त्या वर्षी नाई तं त्याच्या पुढच्या. या अशा कावून वळून बसल्या म्हणून."

"विचारलं होतं. मी त्या खोट्यावर दुसरं खोटं चढवलं, म्हटलं, पहिल्यापासून अशाच आहेत."

"अन् मी ते मानलं. मले लहानपणच्या समोर पाहणाऱ्या आठवायच्या, बाबा. सोळाव्या वर्षी मीच तं आईले मुखवटे उचलून द्यायची! पण घरातले सगळे म्हणतात वळलेल्या, म्हणजे आपल्याच डोक्यात काई घोळ आहे. मामाचं समजल्यावर तं मले वाटलं, हेच पहिलं लक्षण असन. तेव्हापासूनच सुरू झालं असन. मी कोणाले बोलली नाई." ती थांबली. "अन् ते खरं होतं. माह्या डोक्यातलं खरं होतं."

"काल तू मुखवटे ठेवले," बाबा म्हणाले, "अन् मी समई जवळ नेऊन पाहिलं. माह्या आईच्या महालक्ष्म्या बसल्या होत्या समोर. सांगू कोणाले? सांगितलं असतं तं कमलिनीची चूक सांगा लागली असती. म्हटलं, आजचा दिवस नुसतं पाहून घेऊ."

*

त्याच्यानंतर घर असं फिरलं की काही विचारू नका. कौस्तुभ म्हणाला, "मंग तं प्रश्नच मिटला. ताईच बरोबर. महालक्ष्म्या इथीच राहतीन." नूतन उठून मृणालच्या पाया पडायले लागली, "ताई, चुकलं माहं," अन् सिंधुआत्यानं फर्मान काढलं की पुढच्या वर्षीपासून सरळच मांडायच्या, आर्वीलेही फोन करून सांगते, झालं ते झालं.

मृणालले आनंद झाला, नाही कसा होईल? छातीवरची शिळा सरकली. पण शिळेखालून दुसरंच काही वर आलं, अन् ते काही थांबेना.

"थांबा," ती म्हणाली. "आज मी बरोबर निघाली म्हणून इथी. पुढच्या वर्षी चुकली तं?"

"तू कशाले चुकशील?" कौस्तुभ म्हणाला.

"कावून नाई? आठ आणे काय आज संपले? एका दिवसाच्या बरोबरनं रक्त बदलते का? असं असन, की बरोबर आहे तोवर ताईची अन् चुकली की नेहरू नगर, तं आजच घेऊन जा. दरवर्षी मी परीक्षा देऊन देवी मांडणार नाई."

तिलेच वाटलं आपला आवाज वाढला, पण आता वाढलाच होता तर वाढू दे.

"आई काय बरोबर होती म्हणून मांडत होती का? चुकली तरी तिच्याच हातानं मांडल्या. मागून मागून तिच्या हातात मुखवटा राहत नव्हता, तेव्हा बाबा खालून हात लावत होते. मी पाहिलं आहे. असं घर आहे हे! रेल मिलचा फोरमन खोटं बोलला, शेषरावकाका खोटं बोलले, सगळी आर्वी खोटं बोलली, पण आईच्या हातातून काढलं नाई कोणी काई. अन् तुमी मले 'होते असं' म्हणता? नूतन, त्या आवाजात माह्याशी बोलू नको. चुकली तं तोंडावर सांग, ताई चुकली. समई मी एकटीनं लावू नये वाटते ना तुले? बरोबर आहे तुहं. मी एकटी नाई लावणार, तू उभी राहायची. पण लावीन मी. टेस्टचं माह्या मनात येईन तेव्हा ठरवीन, अन् केली तं सगळ्यात आधी तुमालेच सांगीन."

"अन् पुढच्या वर्षी?" सिंधुआत्यानं विचारलं. "सरळ ना?"

"नाई. पुढच्या वर्षी वळवणार. आईसारख्या."

"अगं पण ती चूक आहे ना!"

"माहीत आहे, आत्या. म्हणूनच."

बाबांनी चष्मा डोळ्यावर चढवला अन् लेकीकडं पाहिलं. मग दिवाणावरून उठले अन् तिच्या बाजूले जाऊन बसले.

कौस्तुभ अडकित्ता हातात धरून तसाच होता. सुपारी कधीची खाली पडली होती.

"ताई," तो म्हणाला, खाली पाहत, "मागच्या आठवड्यात मी मार्केटमध्ये गाडी कुठी लावली तेच आठवेना. लय फिरलो. शेवटी गीतूले फोन केला."

"रो रहे थे आप," गीतांजली म्हणाली.

"तुह्या आईले नाई सांगायचं ठरलं होतं ना?"

"आता सांगून टाकलं."

नूतननं नवऱ्याकडं पाहिलं. सकाळपासून जे भ्या ती नणंदेवर ओतून राहिली होती, त्याचं बूड कुठं होतं हे तिले आता दिसलं, अन् मृणाललेही दिसलं. धाकटा भाऊ. ताईची टेस्ट चांगली आली तर आपलीही चांगली येईल, असा हिशेब लावून बसलेला भित्रा भाऊ.

"गाडी तं मीही विसरते रे," मृणाल म्हणाली. "स्कूटर स्टँडवर जाऊन दुसऱ्याच्याच स्कूटरले चावी लावून राहिली होती परवा. तो माणूस उभा राहून पाहत होता." कौस्तुभले हसू आलं. "पुढच्या वर्षी आवाहनाले तू ये. पडद्याआड. मुखवटे उचलून दे मले."

"मी? माणसानं..."

"बाबा काय बाई होते का?"

*

दिवे लागले तशा हळदीकुंकवाच्या बायका यायले लागल्या. सेक्टर दहाच्या, बाजूच्या लाइनीतल्या, कॅम्प भागातून आलेल्या मृणालच्या ऑफिसच्या दोघीतिघी. खोली भरून गेली, बांगड्यांचा अन् गजऱ्यांचा नुसता गोंधळ. मृणाल आतून प्रसादाची ताटं भरून देत होती, नूतन दाराशी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. अन् समोरच्या क्वार्टरमधली चंदा, जी दरवर्षी येते अन् जिच्या नजरेतून सुईही सुटत नाही, ती आत आली, वाकून नमस्कार केला, अन् वर पाहून भर खोलीत म्हणाली:

"अगं बाई! यंदा तुमच्या देव्या समोर पाहून राहिल्या! हे काय झालं? विसरलं का कोणी?"

बांगड्या थांबल्या. बायकांनी माना वळवल्या. आतल्या दारात मृणालच्या हातात प्रसादाचं ताट होतं, अन् तिनं ते घट्ट धरलं. सिंधुआत्यानं तोंड उघडलं होतं, पण नूतन तिच्या आधी पुढं झाली. तिनं आधी चंदाच्या कपाळाले हळद लावली, मग कुंकू लावलं, अगदी सावकाश, अन् मग मान वर करून सगळ्यांले ऐकू जाईल असं बोलली.

"आमच्या ताईनं मांडल्या."

"हाव, पण दरवर्षी तं त्या..."

"ताईनं मांडल्या म्हटलं ना," नूतन म्हणाली. "पुढच्या वर्षी ताईच मांडन. तिच्या मनात येईन तशा. तुमी या, पोटभर पाहा. चला, सरका पुढं, मागच्या ताटकळून राहिल्या."